सखूचं पान

नाशिक. भाद्रपद वद्य अष्टमी, १९९८

मॉरिशसहून जहाजाच्या यादीची झेरॉक्स आली. पणजोबांचा भाऊ रखमाजी, वय बावीस. बायकोचं नाव सखू. म्हणजे गोदेच्या पुरात तो वाहून गेलाच नव्हता! तिकडे उसाच्या मळ्यात म्हातारा होऊन मेला, असं सोबतच्या पत्रात आहे. आणि इथे आम्ही सखूच्या बांगड्या फोडल्या. वर्षभरात तीही गेली, विधवा म्हणूनच. एवढी कसली घाई होती आम्हाला?

अप्पांना वाचून दाखवलं. चष्मा पुसत म्हणाले, "उद्या अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांत तिचंही पान मांड गं."

पानाशी ठेवायला हिरव्या बांगड्या आणायला गेले. कासाराने माप विचारलं. काय सांगणार? मी माझाच हात पुढे केला.