अकराला अडणारा सर्व्हर

प्रिय ठमाबाई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडण्याआधी वाच. एक कोडं सुटलंय, आणि नको तिथे नाक खुपसायची खोड आपल्या दोघांनाही आईकडूनच आली आहे.

तुझ्या अवजड नकाशांमुळे सर्व्हर रांगतो, असा अहवाल झाला, त्यावर तुझ्या या सख्ख्या भावाने सही केली आणि तू ऑफिस सोडलंस. त्याला चार महिने झाले. तरी नकाशांचा कप्पा रोज सकाळी अकराला अडायचा तो अडायचाच. फाइल उघडायला सांगावी आणि चहा पिऊन यावं. बाराला पुन्हा सगळं सुरळीत. साहेब म्हणायचे, तिचे नकाशे अजून तिथेच आहेत ना! मला ते पटेना. फाइल जड असेल तर ती दहालाही जडच हवी. वजन काय घड्याळ बघून वाढतं?

मग लागलो मागे. केबल बदलल्या, नेटवर्क मोजलं, तर रस्ता मोकळा. अकराला त्या कप्प्यावर काम करणारे जेमतेम तिघं, तरी प्रत्येक फाइल डिस्कपाशी ताटकळत उभी! मला जेवण सुचेना. तुझ्या वहिनीने तर सर्व्हरशीच माझं लग्न लावून द्यायची धमकी दिली.

शेवटी शेजारच्या कप्प्याकडे लक्ष गेलं, जुन्या दप्तराच्या. कप्पे वेगळे, पण खालच्या डिस्क त्याच. दोन बिऱ्हाडांना टाकी एकच असली की शेजारी नळ सोडतात आणि आपली धार बारीक होते, तसलाच प्रकार. तिथे रोज अकराला हजारो जुन्या फाइल एकेक करून तपासायचं काम आपोआप सुरू होत होतं. ते रात्री अकराला चालायला हवं होतं. मशीनचं घड्याळ चोवीस तासांचं. तेवीस लिहायच्या जागी कुणीतरी अकरा लिहिलं होतं. कुणी, ते बघितलं. माझंच नाव. दोन वर्षांपूर्वीची तारीख. काखेत कळसा नि गावाला वळसा!

मंगळवारी गुपचूप आकडा बदलला, कप्पा पळू लागला. नेमके त्याच सकाळी साहेबांनी तुझे नकाशे दुसरीकडे हलवले होते. ते म्हणाले, बघा, दुखणं तेच होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि ठमे, मीही डोलावली. दोन दिवस गप्प बसलो. काल आईकडून कळलं, त्या अहवालामुळे तुला दोन ठिकाणी नकार आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि न्याय करायला बसलेला चोरच. आज सगळं लिहून साहेबांना दिलं. त्याची नक्कल सोबत आहे, पुढच्या मुलाखतीला घेऊन जा. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो. मला माझीच फार लाज वाटते आहे. चूक माझी होती, तुझी कधीच नव्हती.

तुझाच,
दादा