पोर्फिरियोकाकांना हरवून मी उठलो त्याबद्दल

ती. आंबोदादास,

आशीर्वादासाठी तुझा हात इथूनच कपाळाला लावतो. जहाजावर जेवण बरं मिळतं ना? कंबर काय म्हणते? इकडे सगळे मजेत, मी तेवढा आनंदाने वेडा व्हायचा राहिलोय. ऐकच!

आपले एल्पिदियो शिंपी गेले. (शांतपणे गेले. तुझी पँट राहिलीच.) मयताघरी रिवाजाप्रमाणे पत्त्यांचं टेबल लागलं, दर डावातला वाटा अंत्यविधीच्या खर्चाला, त्यांच्या बायकोच्या डब्यात. दुपारी जेवून मी तोंड दाखवायला गेलो आणि पोकरला बसलो. समोर कोण, तर पोर्फिरियोकाका! लुनिंगचे वडील, ज्यांच्याकडे तिला मागणी घालायचं धाडस मला माडी पिऊनही झालं नव्हतं. होणाऱ्या सासऱ्याशी हरावं एवढी अक्कल मला आहे रे, पण पत्त्यांना नको का? काकांनी दोन जोड्यांच्या जोरावर पुढ्यातलं सगळं मध्ये सारलं आणि माझ्या हातात तीन राण्या! फेकायला हव्या होत्या, हात ऐकेना. जिंकणाऱ्याने बसून राहावं, हरलेल्यांना भरून काढू द्यावं, ही रीत मला कळते. पण सासरेबुवांचा चेहरा बघवेना. डब्यात मूठभर नोटा टाकल्या, भाडं आलंय अशी थाप मारली (माझी रिक्षा समोरच उभी, रिकामी) आणि भरल्या खिशाने सटकलो.

आता मयताघरून सरळ घरी गेलं तर मेलेला पाठोपाठ येतो, म्हणून वाटेत कुठेतरी टेकणं आलं. टेकलो लुनिंगच्या आईच्या खाणावळीत. (जवळ दुसरी होती. तिथे लुनिंग नसते.) भात पुढ्यात येतोय तोच अख्खं टेबल आत! मी उठल्यावर डाव मोडला, आणि टेकायला तेही तिथेच आले.

"हाच तो!" काका गरजले. "जिंकला आणि पळाला! मला लुटून वर माझ्याच घरचा भात गिळतोय!"

लुनिंगने माझ्या पायांकडे पाहिलं. "पळताना चपला तरी स्वतःच्या घालायच्या." (एक काकांची होती.)

मी मनातल्या मनात लग्नावर पाणी सोडलं. तेवढ्यात काकू पळी घेऊन बाहेर आल्या.

"जिंकत होतास? आणि आपणहून उठलास?"

मी मान डोलावली. काकूंनी अदोबोच्या रश्श्यातला मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात घातला आणि नवऱ्याकडे वळल्या. "लग्न झाल्यापासून तुम्हाला टेबलावरून उठवतेय. जिंकलात तरी बसता, हरलात तरी बसता. ही जन्मली तेव्हाही बसलाच होतात! लुने, मला हा पसंत आहे."

लुनिंग लाजली, दादा! ती! मला तर तिथेच रडू फुटलं.

तुझा लाडका,
दिंदो

ता. क. तुझी रजा लागेल त्या रविवारी आपल्याकडून जेवण घेऊन रीतसर मागणी घालायला जायचंय. घरात थोरला तूच, शिवाय भारदस्त दिसतोस.

ता. क. आणखी एक. काका म्हणतात, पुन्हा डाव झाल्याशिवाय होकार नाही. काकू म्हणतात, मी पत्त्याला हात लावला तर नकार. तेव्हा माझ्या जागी तू बसायचंस. आपल्या घराण्यात तुझ्याइतकं वाईट कोणी खेळत नाही, म्हणून तर एवढ्या लांबून बोलावतोय. पैसे माझे. फक्त, हरल्याशिवाय उठू नकोस.