परिचयाची तीन मिनिटं

सर,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुमच्याबद्दल चांगलंच बोलायचं असा सोलापुरात जणू नियम पडलाय, आणि मीही तो पाळते. कुणी विचारलं की म्हणते, सरांनी मला घडवलं. मग घरी येऊन चहाचं भांडं ओट्यावर जरा जोरातच आपटते. आज रविवार आहे, माझा क्लास बंद आहे, जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये मी एकटी आहे, आणि ठरवलंय की एकदा तुम्हाला सगळं तोंडावर सांगून टाकायचं. तोंड आता समोर नाही, म्हणून कागदावर. हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळं मला सभ्यपणा सांभाळायचीही गरज नाही.

मी तुमच्याकडं आले तेव्हा नुकतीच बी.कॉम. झालेली, केम गावची, शेतकऱ्याची पोर. सात रस्त्याजवळ दोन खोल्यांत तुमचं संवाद-कौशल्याचं ऑफिस. फोन घ्यायला आणि क्लासची हजेरी मांडायला तुम्हाला कुणीतरी हवं होतं. पहिलाच फोन आला आणि मी म्हणाले, "सर न्हाईत हितं." तुम्ही केबिनमध्येच होता. बाहेर आलात, ओरडला नाहीत, खुर्ची ओढून समोर बसलात. म्हणालात, "बोली सोडायची नाही. पण कुठली भाषा खिशात ठेवायची आणि कुठली टेबलावर, एवढं कळलं पाहिजे." असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात नुसते हसायचे. त्या दिवशी मी तुम्हाला देव मानलं, आणि तिथंच माझं चुकलं.

शिकवलंत मात्र भरपूर, ते नाकारत नाही. कार्यक्रमाच्या तासभर आधी जाऊन शेवटच्या रांगेत बसायचं, तिथून व्यासपीठ कसं दिसतं ते बघायचं. माईकवाल्याला त्याचं नाव विचारायचं. सुरुवातीला माफी मागायची नाही, 'मी काही मोठी वक्ता नाही' वगैरे रडगाणं तर अजिबात नाही. दुकानदारांना तुम्ही सांगायचात की माल दाखवायच्या आधी गिऱ्हाईकाला बोलू द्या. हे सगळं मी आज माझ्या क्लासमध्ये जसंच्या तसं सांगते आणि ते लागू पडतं. राग त्याचाच जास्त येतो. वाईट शिकवलं असतं तर विसरून तरी गेले असते.

मोठं भाषण असलं की आदल्या दिवशी तुम्ही ते घरी स्वयंपाकघरात म्हणून बघायचात. काकू भाकरी थापत असायच्या, मी खाली बसून शेंगा सोलत घड्याळावर वेळ मोजायची. तुमचा नियम होता, ज्या वाक्याला काकूंचा हात थांबेल ते वाक्य ठेवायचं, नाही थांबला तर काढून टाकायचं. एकदा तुम्ही पाणी प्यायला थांबलात आणि मी सहज माझी गोष्ट सांगितली. कॉलेजात प्रवेश घ्यायला केमहून गाडीनं एकटी आले होते. स्टेशनावर कुणाला रस्ता विचारायची लाज वाटली, म्हणून एका अनोळखी बाईच्या मागं मागं चालत राहिले, की ही गावात कुठंतरी जाईलच. ती थेट तिच्या घरी गेली. दारात वळून म्हणाली, "पाणी पिऊन जा, मग सांग कुटं जायचंय." काकूंचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही आधी त्या भाकरीकडं बघितलंत, मग माझ्याकडं. तुमचा चेहरा मी त्या वेळी नीट वाचला नाही, नाहीतर पुढचं सगळं टळलं असतं.

त्यानंतर तुम्ही मला कार्यक्रमांना न्यायला लागलात, परिचयासाठी. आपल्याकडं दीपप्रज्वलन, सत्कार झाला की कुणीतरी उठून पाहुण्यांचा परिचय करून देतो, आणि आयोजक त्यात हमखास घोळ घालतात. म्हणून तुम्ही तुमचाच माणूस बरोबर ठेवलात. परिचय तुम्ही स्वतः लिहिलेला, एक पान, तीन मिनिटं. सात वर्षं मी तो वाचला. तुम्हाला मिळालेली सत्काराची शाल तुम्ही परतीच्या वाटेवर माझ्या मांडीवर टाकायचात, "घे, तुझी." कपाट भरलं तशा मी त्या वॉशिंग मशीनवर घातल्या, गहू वाळवायला अंथरल्या, खिडकीला पडदे केले. दुसऱ्याच्या सत्काराचं करणार तरी काय?

बार्शीला व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात मी परिचयात माझं एक वाक्य घातलं. एकच. हॉल हसला आणि टाळ्या पडल्या. परत येताना गाडीनं वैराग ओलांडलं. मग तुम्ही ड्रायव्हरच्या देखत म्हणालात, "माझ्या टाळ्या तू आधीच घेऊन बसलीस. परत नको." ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं, ते मला अजून आठवतं.

तरी मी राहिले असते, सर. पण पुण्याच्या कंपनीचं झालं. कर्मचाऱ्यांना बोलायला शिकवायची नोकरी, मुलाखत उत्तम झालेली, घरी पेढे आणायचं बोलणं चाललेलं. मग तिथल्या बाईंचा फोन आला. भल्या होत्या, म्हणून खरं सांगितलं. म्हणाल्या, "आम्ही तुमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, परिचय फार छान करून देते, पण तेवढंच. तिला स्वतःचं बोलायला लावू नका." मी फोन ठेवला आणि तुमच्यासाठी चहा करून आत आणला. तुम्ही विचारलंत, "कुणाचा होता?" मी म्हटलं, "राँग नंबर."

त्या दिवशी मी उट्टं काढायचं ठरवलं. आवाज न चढवता, तुम्ही शिकवलंत तसं. तुमच्या भाषणात सगळ्या मिळून पाच गोष्टी. वीस वर्षं त्याच पाच, गाव बदलायचं, गोष्टी त्याच. मी परिचयात त्यातली एक घालायला लागले. "सर नेहमी सांगतात ना..." म्हणून सुरू करायचं, तुमच्याच जागी थांबायचं, आणि शेवटचं वाक्य असं टाकायचं की हॉल उसळलाच पाहिजे. तुम्ही मागं खुर्चीत, मांडीवर नारळ, चेहऱ्यावर हसू, कारण व्यासपीठावर हसावंच लागतं. पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मी भोळा चेहरा केला, "लोकांना तुमची ओढ लागावी म्हणून, सर." स्तुतीच तर करत होते. आयोजक फोनवर सांगायचे, त्या परिचयवाल्या ताईंना आणाच. मला काढायचीही सोय राहिली नव्हती.

वर्षभर हे चाललं. तुम्ही बोलता बोलता अडखळायला लागलात, मध्येच घड्याळ बघायला लागलात. एकदा तर पुढच्या रांगेतल्या एका पोरानं गोष्टीचा शेवट तुमच्या आधी सांगून टाकला. मी शेवटच्या रांगेत बसून बघत होते. बरं वाटायचं, सर. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटायचं.

मग श्रीपूर. हंगाम नुकता सुरू झालेला, साखर कारखान्याच्या वसाहतीतला हॉल कर्मचाऱ्यांनी आणि ऊसवाल्यांनी भरलेला. त्या दिवशी मी दोन गोष्टी सांगितल्या, आणि दुसरी तुमची फाटक्या चपलेची, जी तुम्ही कायम शेवटाला राखून ठेवायचात. टाळ्या थांबेनात. तुम्ही उठलात, घड्याळ काढून टेबलावर ठेवलंत आणि त्याकडंच बघत राहिलात. मला वाटलं, संपला माणूस. मग तुम्ही म्हणालात, "पाहुण्यांचा परिचय होतो. परिचय करून देणारीचा कुणी करून देत नाही. आज मी देतो."

चार मिनिटं बोललात. कागद नव्हता. मी तासभर आधी येऊन कशी शेवटच्या रांगेत बसते, स्टेशनपासून त्या अनोळखी बाईच्या मागं कशी गेले, काकूंची भाकरी कशी करपली, सगळं. म्हणालात, "माझ्या पाच गोष्टी हिला माझ्यापेक्षा चांगल्या सांगता येतात. गेलं वर्षभर मी बसून ऐकतोय." म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं. आणि मग, "आजच्या प्रमुख वक्त्या आता बोलतील." माईक माझ्याकडं आणि तुम्ही जाऊन माझ्या खुर्चीत.

मी तोंड उघडलं. बाहेर आलं, "सर नेहमी सांगतात..." थांबले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. माझी म्हणून जी एक गोष्ट होती ती तुम्ही आत्ताच सांगून टाकली होती, माझंच औषध मला पाजून. पुढं बसलेले एक म्हातारे शेतकरी मायेनं म्हणाले, "बोला की ताई, आमी ऐकतोय न्हवं." ते तसं म्हणाले नसते तर कदाचित सुचलं असतं. मी धन्यवाद म्हणून खाली उतरले. तुम्ही उठून माईक घेतलात आणि एकही जुनी गोष्ट न सांगता अर्धा तास बोललात. आयुष्यातलं तुमचं सगळ्यात चांगलं भाषण. गाडीत एवढंच म्हणालात, "मला वाटलं होतं, तू बोलशील."

दुसऱ्या दिवशी मी काम सोडलं. सहा महिन्यांनी तुम्ही गेलात. शोकसभेत दोन शब्द बोला म्हणाले, मी घसा बसलाय सांगितलं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आले की सरांनी भर सभेत माझा अपमान केला. आजही म्हणते, तो डावच होता. पुण्याला जे सांगितलं होतंत ते चारचौघांत खरं करून दाखवायचं होतं तुम्हाला. काकू म्हणतात, नाही गं, त्यांना मनापासून द्यायचं होतं. काकू चांगल्या आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

स्वतःचं पहिलं वाक्य सापडायला मला त्यानंतर तीन वर्षं लागली. आता कॉलेजं बोलावतात, बँका बोलावतात, आणि सगळीकडून आधी निरोप येतो, मॅडम, तुमचा परिचय पाठवा. मी खूप वेळा लिहायला बसले. दरवेळी कागद फाडला. शेवटी श्रीपूरची तुमची चार मिनिटंच उतरवून काढली, शब्द न् शब्द पाठ आहेत मला. पाच गोष्टींचं वाक्य तेवढं गाळलं. गावोगाव तेच वाचतात. वाचून झालं की कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, परिचय कुणी लिहिलाय हो, काय सुंदर आहे. मी सांगते, मीच.