साडेसत्तावन्न किलो

ता. ४ जानेवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचं क्लबचं छापील आमंत्रण पोचलं. माझा पाय आता बरा आहे. आमच्या स्टड फार्मच्या ऑफिसची पायरी वर्षभर मोडलेली होती, मी तिच्यावरून पडले आणि दुसऱ्या दिवशी मालकांनी ती दुरुस्त करून घेतली. या हंगामात आतापर्यंत पाच शिंगरं झाली, पाचही धड आहेत. त्यांचे आईबाप, आज्या, पणज्या सगळं रजिस्टरात चढवून झालं. वहिनीच्या कंबरेचं तू काहीच लिहीत नाहीस. तिला म्हणावं, दोन ओळी तूच लिही.

आता आमंत्रणाबद्दल. मार्चमधल्या लांब शर्यतीची वजनं ठरवून तू निवृत्त होणार. बत्तीसशे मीटर, सोळा घोडे, आणि ज्याच्यात जास्त दम त्याच्या खोगिरात नेमकं इतकं जास्त शिसं घालायचं की शेवटी सगळे एका ओळीत यावेत. एकतीस वर्षं क्लबचा हँडिकॅपर म्हणून तू हे केलंस, त्याचा सत्कार. होऊ दे. पण खाली बारीक अक्षरात छापलंय की ज्या वहीवरून तुझी निवड झाली, ती वही आता हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवणार. ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

ती वही माझी आहे. चौदा वर्षांच्या लांब शर्यती मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तपासल्या. हँडिकॅपरची जागा माझ्यासाठी होती, अर्ज मी करणार होते. आई दवाखान्यात, मी तिच्या उशाशी, म्हणून वही सेक्रेटरींच्या हातात द्यायचं काम तुझ्यावर सोपवलं. तू दिलीस, पण वरच्या पानावर स्वतःचं नाव घालून. बाबा म्हणाले, मुलाचा संसार उभा राहायचाय, तू पोटात घाल. मी घातलं. वर दरवर्षी तू पत्रातून विचारायचास की ताई, अमक्या घोड्याला दम आहे का, आणि मी मूर्खासारखी तीन-तीन पानं लिहून कळवायची.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. आता मला कुणाचा शब्द पाळायचा नाही. सत्काराच्या आधी कमिटीला सांग की वही कुणाची. नाही सांगितलंस तर मी सूड घेणार आहे. आधी कळवून घेतेय, म्हणजे ताईने पाठीमागून गाठलं असं म्हणायला तुला जागा नको.

लोभ तुझ्याकडे किती उरलाय ते उलट टपाली कळव.

तुझी ताई

ता. १२ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, ताईंचं पायाचं दुखणं डोक्यात गेलेलं दिसतंय. मी म्हटलं, आमची ताई लहानपणापासून अशीच, मी तिचं एक पेन हरवलं तर तीन महिने बोलली नव्हती. हिची कंबर तशीच आहे, पण तुझ्या सुडाच्या गोष्टीने ती बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली, तेवढा तुझा उपकार.

ताई, जुनं उकरून काय मिळणार? वही तुझी असेल, पण पुढची एकतीस वर्षं उन्हातान्हात मैदानावर कोण उभं होतं? घोडेमालकांच्या शिव्या कुणी खाल्ल्या? हॉलमध्ये एक जुनी वही राहिली तर तुझं काय जातंय? बाबांनी तुला काय सांगितलं होतं ते आठव आणि मोठ्या मनाने सोडून दे.

आता कामाचं. तुमच्या फार्मची ती कुमैत, तांबूस अंगाची घोडी, जिला तबेल्यातले लोक गोगलगाय म्हणतात, तीही या शर्यतीत आहे. तिचा बाप बाराशे मीटरच्या पुढे कधी जिंकला नाही. आईच्या नावापुढे तर काहीच नाही. एकदा दोन हजार मीटरला ती दुसरी आली, तेवढंच तिचं कर्तृत्व. मला ती पन्नास किलोच्या आतबाहेर वाटते. तुझं काय मत? माझ्यावर रागाव, पण घोड्याच्या बाबतीत तू खोटं बोलणार नाहीस याची मला खात्री आहे.

बाकी क्षेम. माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

ता. १८ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पेन तू हरवलं नव्हतंस, विकलं होतंस. ते असो.

माझ्या मागणीला तू नाही म्हणालास, हे मी लक्षात ठेवलंय. घोडीबद्दल विचारलंस, तर खरं तेच लिहिते, कारण घोड्याच्या बाबतीत मी खरंच खोटं बोलत नाही.

बापाचं नाव बघून लांब शर्यत ठरवू नये, हे तुला शंभर वेळा सांगितलं. बाप पाय देतो, दम बहुतेक वेळा आईच्या घरून येतो. गोगलगाईची आई कधी धावली नाही, कारण दोन वर्षांची असताना कुंपणात अडकून तिचं कंबरेचं हाड मोडलं. म्हणून तिच्या नावापुढची जागा कोरी आहे, आणि तुम्ही शहाणे लोक कोऱ्या जागेला शून्य समजता. तिच्या आईकडे बघ. गोगलगाईची ही आजी बत्तीसशे मीटर दोनदा जिंकली, तीही सहाव्या वर्षी, जेव्हा बाकीचे घोडे थकून घरी बसतात. आजीची सख्खी बहीणही तशीच उशिरा पिकली. अशा घराण्याचा हिशेब कसा मांडायचा ते वहीच्या एकेचाळिसाव्या पानावर आहे.

हे झालं कागदाचं. आता डोळ्यांनी पाहिलेलं. सकाळच्या रपेटीनंतर मी तिच्या बरगड्यांवर हात ठेवून श्वास मोजते. बाकीच्यांचा भाता पंधरा मिनिटं चालतो, ही सहाव्या मिनिटाला चंदीत तोंड घालते. दोन हजारांच्या शर्यतीत ती शेवटचे दोनशे मीटर येईपर्यंत कठड्याला कोंडलेली होती. वाट मिळाली तेव्हा शर्यत संपली होती.

तिला साडेसत्तावन्न किलो दे. अर्धा किलोही कमी करू नकोस. मी त्याच फार्मची पगारी कारकून असून आमच्याच घोडीवर वजन चढवायला सांगतेय. बस विचार करत.

सुडाचं मी विसरलेले नाही. वहिनीच्या कंबरेला शेक दे म्हणावं, हसण्याने ती बरी होणार नाही.

लोभाची काळजी तू घे, माझा मी सांभाळते.

ताई

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

वजनं काल जाहीर झाली. यादी सोबत पाठवतोय. गोगलगाय एकोणपन्नास किलो.

तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि चौथ्यांदा हसू आलं. ताई, तू हुशार खरी, पण मीही त्याच घरात वाढलोय. आपल्याच घोडीच्या पाठीवर शिसं मागून घेणारा माणूस अजून जन्मायचाय. तुझा डाव मी ओळखला. मी साडेसत्तावन्न द्यायचे, ती बिचारी सगळ्यांच्या मागून रखडत यायची, आणि तुमच्या मालकांनी बोंब मारायची की हँडिकॅपरने बहिणीशी असलेलं वैर फार्मवर काढलं. सत्काराच्या दिवशी माझ्या तोंडाला काळं. आजी काय, बरगड्या काय, छान रंगवलंस. पण सूड घेणार म्हणून आधी कळवून मग सल्ला द्यायचा, आणि तो मी ऐकायचा? इतका मी भोळा नाही.

वही परवा कमिटीच्या स्वाधीन केली. खरं सांगायचं तर नोकरी लागल्यापासून ती कपाटाच्या तळाशी होती, धूळ झटकून दिली. तू सत्काराला ये. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगतो. राग गिळ आता, वय झालं आपलं.

मायेची पाखर असू दे.

तुझा धाकटा

ता. ११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू पुढच्या रांगेत का बसली नाहीस? मी तुला कठड्यापाशी तबेल्यातल्या लोकांत उभी पाहिली. तू टाळ्याही वाजवल्या नाहीस.

पहिले सोळाशे मीटर घोडी सगळ्यांच्या शेवटी होती आणि मी शेजारच्या माणसाला म्हणालो की बघा, बापावर गेलीय. मग एकेक घोडा श्वास टाकायला लागला आणि ती नुसती चालत राहिल्यासारखी पुढे गेली. सतरा घोडे मावतील एवढ्या अंतराने जिंकली, ताई. जॉकी शेवटच्या शंभर मीटरला मागे वळून बघत होता की बाकीचे कुठे राहिले. लोक हसले, आणि घोडीला नाही, मला हसले. सत्काराचं भाषण करताना चेअरमनांना माझ्याकडे बघवत नव्हतं.

खरा घात पुढेच आहे. कमिटीत एक नवी बाई आहे, जनावरांची डॉक्टर. तिने कपाटातून वही काढली, एकेचाळिसावं पान उघडलं आणि पेन्सिलने गोगलगाईचा हिशेब मांडला. उत्तर साडेसत्तावन्न. तिने सगळ्यांदेखत मला विचारलं की ही वही ज्याने लिहिली, तो माणूस या घोडीला एकोणपन्नास कसे देतो, आणि तेही त्याची बहीण ज्या फार्मवर नोकरीला आहे तिथल्याच घोडीला? शनिवारपर्यंत लेखी उत्तर मागितलंय. संगनमत ठरलं तर माझं नाव काळ्या यादीत लागेल.

तू एवढंच लिहून दे की घोडीचा मागचा पाय दुखावलाय असं तू मला कळवलं होतंस आणि मी तुझ्यावर विसंबलो. तुझी नोकरी तशीही दोनच वर्षांची राहिली आहे. मी तुझा एकुलता एक भाऊ आहे, हे विसरू नकोस.

तुझाच,
धाकटा

ता. १४ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

नाही लिहून देणार.

घोडीचा पाय ठणठणीत होता, आणि घोड्याच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. कमिटीला द्यायला तुझ्याकडे दोनच उत्तरं आहेत. वही मी लिहिली आणि जाणूनबुजून बहिणीच्या फार्मला झुकतं माप दिलं, हे एक. वही मी लिहिलेलीच नाही, त्यातलं मला काही कळत नाही, हे दुसरं. हवं ते निवड. मला दोन्ही चालतील.

मी तुला फसवलं असं वहिनीला सांगत असशील, तर माझं जानेवारीचं पत्र तिला पुन्हा वाचून दाखव. त्यात एक शब्द खोटा नाही. तू मी सांगितलं तेवढं वजन दिलं असतंस, तर सोळाही घोडे एका ओळीत आले असते, तुझा जयजयकार झाला असता, वही तुझ्या नावाने काचेत बसली असती आणि मी इथे रजिस्टर लिहीत जन्मभर जळत राहिले असते. तुला वाचवणारा आकडा मीच तुझ्या हातात ठेवला होता. एकतीस वर्षं माझ्या शब्दावर तुझी चूल पेटली, आणि एकदा, फक्त एकदा, तुला वाटलं की ताई आपल्यासारखीच असेल. मला ठाऊक होतं की तुला तसंच वाटेल. तरी पत्र पेटीत टाकताना एकदा मनात आलं की ठेवेल विश्वास, आणि मी हरेन. तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. आता वाटतंय, पण तुझ्यासाठी नाही.

घोडी सुखरूप आहे. शर्यतीनंतर आठव्या मिनिटाला चंदी खायला लागली.

ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सगळं निभावलं. तुझं दुसरं उत्तर मी दिलं. म्हटलं, वही माझी नाही.

कुणाची असं विचारलं तेव्हा मी बाबांचं नाव सांगितलं. ते क्लबच्याच वजनकाट्यावर नोकरीला असल्याने त्यांना स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नव्हता, म्हणून त्यांनी ती मला दिली, असं म्हणालो. चेअरमनांनी चष्मा काढून डोळे पुसले. जुन्या लोकांना बाबा आठवले. मुलाकडून वयोमानाने चूक झाली, असं लिहून प्रकरण मिटवताहेत. कपाटावर बाबांच्या नावाची पितळी पाटी लागणार. ती डॉक्टर बाई तेवढी वहीतलं अक्षर निरखत बसली होती.

मी नावावर पाणी सोडलं, आता तूही सोड. तुझ्या भावाशी वैर असेल, बापाशी तर नाही ना? गेलेल्या माणसाच्या हातून काही हिसकावू नकोस.

ममत्व असू द्यावे.

धाकटा

ता. २३ मार्च

चि. धाकट्यास.

बाबांनी जन्मभर काट्यावर जॉकी तोलले. काट्यावरचा आकडा त्यांना वाचता यायचा, घोड्यातला दम कधी दिसला नाही, आणि तसं ते स्वतःच म्हणायचे. त्यांचा मला राग नाही असं मी एकतीस वर्षं स्वतःला समजावत आले. राग आहे. तुझ्याइतकाच आहे. तू फक्त उचललीस, पोटात घाल म्हणून त्यांनी मला बजावलं.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी त्या डॉक्टर बाईंचं आलं होतं. त्यांनी आमच्या फार्मच्या रजिस्टरातलं अक्षर पाहिलंय, ते वहीतलंच आहे हे ओळखलंय. मी त्यांना फोन करून भेटायला येऊ का असं विचारलं, त्या म्हणाल्या, या. मालकांनाही सगळं सांगितलंय. नोकरी राहील की जाईल ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

सोमवारी अकरा वाजता मी कमिटीसमोर बसणार आहे. पुढच्या लांब शर्यतीचे अठरा घोडे ठरले आहेत. त्यांच्या आया आणि आज्यांची यादी टेबलावर असेल, वहीच्या शेवटी सहा पानं कोरी आहेत, ती मी सगळ्यांदेखत एकेकाचं वजन मांडून भरणार. समोर दुसरी खुर्ची तुझ्यासाठी मांडायला मी सांगितलंय. तुलाही सहा कोरे कागद मिळतील.

ये. लोभाचं त्यानंतर बघू.

ताई