माझ्याच टेबलावर आलेला प्रश्न

३ फेब्रुवारी, सोमवार
संकल्प : रोजनिशी रोज लिहायची. दुसरा : जावयाच्या व्हिसाचं मी मनावर घेतलंय, म्हणजे आता तो झालाच. लेकीला, हेटीला, सातवा लागलाय. बाळंतपणाला लंडनला माझ्याकडे यायचंय, पण नवऱ्याला, निझारला, घेऊनच. त्याचा अर्ज सात महिने पडून आहे. २० मार्चनंतर तिला विमानात घेणार नाहीत.

हेटीच्या सासरी, स्फॅक्सला, फोन केला. म्हटलं, तुझा बाप एकोणीस वर्षं याच व्हिसाखात्यात मंत्र्यांची संसदेतली उत्तरं लिहितोय, काळजी कसली करतेस? ती म्हणाली, डॅड, तीच तर काळजी आहे. अशा दिवसांत बायका चिडतातच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आमच्या खासदार क्राउथरबाई शुक्रवारी लायब्ररीत लोकांना भेटतात. दीड तास रांग. पुढचे आजोबा गटाराच्या तक्रारीवरून हलेचनात. बाईंना म्हटलं, नुसतं पत्र नको, संसदेत लेखी प्रश्न टाका. शब्दही मीच दिले : सहा महिन्यांवर रखडलेले नवरा-बायकोंचे अर्ज किती? बाळंतपण जवळ आलेल्यांचे आधी काढणार का?

मी नोकरी कुठे करतो ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२६ फेब्रुवारी
(मधले दिवस राहिले. कामाचा लोड.)
प्रश्न आला! माझ्याच टेबलावर! घरचं प्रकरण असेल तर फाइल दुसऱ्याकडे द्यायची, असा नियम आहे. पण शेजारच्या टेबलावरच्या ग्रॅहमचं व्याकरण कच्चं. देशहितासाठी ठेवून घेतली.

लिहिलं : अर्ज ११४०. बाळंतपणाच्या प्रकरणांत मंत्री तातडीने लक्ष घालतील. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच उत्तरात उत्तर दिलं.

२७ फेब्रुवारी
मसुदा परत. लाल शाई. आमची साहेबीण ब्रेंडा म्हणाली, नेव्हिल, बरा आहेस ना रे? आकडा दिलास? उद्या दुसरा कुणी महिनावार मागेल, मग बस मोजत. नेहमीचं लिही.

ही माझी मुलगी आहे, असं सांगणारच होतो. तिला मीटिंग होती.

३ मार्च, दुपारी ४
नेहमीचं लिहिलं : 'ही माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही. प्रत्येक अर्जाचा गुणवत्तेवर विचार होतो. वैयक्तिक प्रकरणांवर सरकार भाष्य करत नाही.'

'सहानुभूतीने' घातलं होतं. ब्रेंडा काही म्हणायच्या आत मीच काढलं. ती म्हणाली, परफेक्ट, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

१० मार्च
क्राउथरबाईंचं पत्र घरी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोबत जोडलंय, निराशा झाली असेल. माझंच उत्तर, तिकीट लावून माझ्याच दारात.

हेटीला फोनवर वाचून दाखवलं. समजावलं, वाक्यात दार किलकिलं ठेवलंय. ती म्हणाली, हे तू लिहिलंस ना? मी म्हटलं, ऑफिसात पद्धत असते बाळा. ती म्हणाली, मी इथेच थांबते. निझारची आई आहे माझ्याजवळ.

२१ मार्च
मुदत काल संपली. नवा संकल्प : आपणच स्फॅक्सला जायचं. रजा मंजूर, बॅग भरली, बाळासाठी स्वेटर घेतला. हेटीला कळवलं. ती म्हणाली, नको येऊस, डॅड. आत्ता तुझं तोंड बघवणार नाही मला.

बॅग रिकामी करताना रडलो. खूप रडलो. तिथे जायला मला व्हिसासुद्धा लागत नाही.