वीतभर पलीकडे

३ एप्रिल
क्योतोत आलो आणि या खेपेला खोली नाही, अख्खं घर मिळालं. सहा घरांची गल्ली, लाकडी जाळीची दारं. काम दोनचाकी गाडी ओढायचं. पाहुण्यांना बसवून जुन्या पेठा दाखवायच्या आणि पाठ केलेला इतिहास सांगायचा. शाळा मी अर्ध्यात सोडली, तरी लोक माझं ऐकून माना डोलावतात. आओमोरीहून निघाल्यापासून अठरा गावं झाली. पाय भरून आलेत. आता इथून हलायचं नाही.

समोरच्या उमेनो आजींनी हातात खराटा दिला. रोज सकाळी आपलं दार झाडायचं, शेजारच्या हद्दीत वीतभरच जायचं. कमी झाडलंस तर माणूसघाणा, जास्त झाडलंस तर उपकार, आणि उपकार फेडल्याशिवाय या गल्लीत कुणाला घास जात नाही, म्हणाल्या.

६ एप्रिल
उजवीकडचं घर बंद असतं. दारात साकुराच्या पाकळ्यांचा नुसता चिखल. पाहुण्यांपुढे लाज वाटली म्हणून सगळं झाडून काढलं. आजींनी पाहिलं आणि आत गेल्या. मग दाराआडून विचारलं, हा शहाणपणा कुणी सांगितला होता? तिथली इसोनो बाई जाऊन अकरा वर्षं झाली. जिवंतपणी कुणाचा उपकार एक दिवस अंगावर ठेवला नाही तिनं.

७ एप्रिल
उठलो तर माझं दार झाडलेलं, पाणी शिंपडलेलं. आजींचे आभार मानायला गेलो. म्हणाल्या, माझी कंबर माझ्या वितेपुरतीच वाकते रे बाबा.

बंद दारापुढे तांदळाचे दोन गोड उंडे ठेवून आलो. फिटंफाट.

८ एप्रिल
उंडे नाहीत. माझ्या दाराला आतून कडी, तरी चपला काढायची जागा झाडलेली. चपलांची तोंडं बाहेर वळवलेली, निघालेल्या पाहुण्याची वळवतात तशी. आजींनी कपाळाला हात लावला. वेड्या, तू परत दिलंस, पुन्हा उपकार चढला तिच्या अंगावर. आता ती थांबायची नाही. जा इथून.

अठरा ठिकाणं सोडली. एकोणिसावं सोडायला पायांत जीव नाही.

१० एप्रिल
स्वयंपाकघर झाडलंय. भांडी गेली. गाडी ओढताना इतिहास आठवेना.

११ एप्रिल
चटयांवर केरसुणीचे फराटे. कपडे, पिशवी, आईचं पत्र — काहीच नाही. अंथरुणाभोवती तेवढं वीतभर सोडलंय. जावं. पण चपला — चपलाही नाहीत.

१२ एप्रिल, दुपार
अंथरुणावर बसलोय. ऊन चांगलं पडलंय. केरसुणीचा आवाज भिंतीपाशी होता, आता पायथ्याशी. वीत संपली. सांगितलं, फिटलं बाई, सगळं फिटलं. जरा थांबली —

आता टाचेला ला