उंचीप्रमाणे लावलेल्या बाटल्या

तीर्थस्वरूप आत्यास, भाच्याचा इतक्या लांबून वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? माझे दोन हात, दोन डोळे आणि एक नोकरी शाबूत आहे. ती तुझ्यामुळे, म्हणून हे पत्र.

कॉलेजच्या रसायनांच्या भांडारात मी रुजू झालो तेव्हा तिथल्या बाटल्या कशाही ठेवल्या होत्या. (आधीचे भांडारपाल निवृत्त झाले होते. मला वाटतं, मनानं ते बऱ्याच वर्षांपूर्वीच झाले असावेत.) मी दोन दिवस खपून सगळ्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. कपाट असं दिसायला लागलं, की शाळेत प्रार्थनेला उभा राहिलेला वर्गच! फक्त एक कटकट होती. वरच्या फळीवर रोज सकाळी पांढरी भुकटी साचायची. मी ती आठ दिवस इमानेइतबारे पुसली आणि नवव्या दिवशी छताचा चुना झडतोय म्हणून गवंड्याला बोलावलं. त्यानं छत ठोकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शिडी उचलून निघून गेला.

मंगळवारी विभागप्रमुख बाई आल्या. त्यांनी कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "अहो, हायड्रोक्लोरिक आम्लाशेजारी अमोनिया? दोन्हींची बुचं सैल आहेत. वाफा एकत्र येऊन त्यांचा क्षार बनतोय, आणि तुम्ही तो फडक्यानं पुसताय!" मी हसणार होतो, तेवढ्यात त्यांची नजर खालच्या फळीवर गेली. तिथे नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल, म्हणजे एकत्र सांडले तर स्फोटच, खांद्याला खांदा लावून उभे होते. (उंची अगदी सारखी, माझा काय दोष?) बाईंचा आवाज एकदम खाली गेला. अल्कोहोलची बाटली त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी धरून पलीकडच्या खोलीत नेली, परत आल्या आणि स्टुलावर बसल्या. मीही बसलो. तिथे स्टूल नव्हतं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुवारी सुरक्षा तपासणी आहे. तोवर नीट लागलं तर राहा."

आत्या, तेव्हा तू आठवलीस. मी दहावीत विज्ञानात नापास झालो तेव्हा तू सुट्टीभर मला जेवणाच्या टेबलाशी बसवलंस आणि घोकून घेतलंस, की संयुगाच्या दिसण्यावर जाऊ नकोस, त्याचा स्वभाव विचार. मग मी एकेका बाटलीला स्वभाव विचारत गेलो. आधी सेंद्रिय आणि असेंद्रिय वेगळी केली. मग असेंद्रियात आम्लं एकीकडे, आम्लारी दुसरीकडे, क्षार तिसरीकडे. नायट्रिक आम्लाला मात्र स्वतंत्र कप्पा दिला, कारण ते इतर आम्लांशीसुद्धा धड वागत नाही. एका बाटलीवर लेबलच नव्हतं. काहीतरी नाव ठोकून द्यावं असं मनात आलं, पण तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला, म्हणून तिच्यावर "माहीत नाही" असं लिहून ती बाजूला ठेवली. तपासनीस त्याच बाटलीसमोर थांबले. म्हणाले, "वीस वर्षांत एवढं खरं लेबल पहिल्यांदा वाचलं." बाईंनी मला कायम केलं. आत्या, हे श्रेय माझं नाही. त्या सुट्टीत मी तुझ्यावर किती चिडायचो ते आठवून आज लाज वाटते, आणि डोळे भरून येतात. (अमोनियामुळे नव्हे, बूच बदललंय.)

तुझा कायमचा ऋणी,
भाचा

ता. क. वर "आठवलीस" लिहिलंय ते फार शब्दशः घेऊ नकोस. तुझी वर्गीकरणाची निळी वही, जी आतोबांनी रद्दीत घातली म्हणून तू त्यांच्याशी दोन वर्षं नीट बोलत नाहीस, ती रद्दीत गेलेली नाही. ती माझ्याकडे आहे. ती मला अजून वर्षभर वापरू दे, एवढंच मागणं आहे.

आ. ता. क. पाकिटावर नाव मुद्दाम आतोबांचं घातलंय. म्हणजे तू हे वाचतेस तेव्हा त्यांनी ते आधीच वाचलेलं आहे. समोर उभे असतील. आधी त्यांना बसायला सांग.